‘बाईपण भारी देवा’ : परीक्षण त्यांचे आणि आपले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पंधरा दिवसांपूर्वी भाजीच्या गाड्यापाशी गाठले आणि म्हणाल्या, “यंदा पाककृती नको, आरोग्यावर नको. तुम्ही त्या सिनेमावर बोला. तुम्ही थिएटरात सगळ्यांत जास्त रडलात.” मी म्हटले, “रडणे निराळे आणि बोलणे निराळे. माझी शाळा सातवीला सुटली. परीक्षण लिहिणारी माणसे मोठी शिकलेली असतात.” त्यावर त्या म्हणाल्या, “तिकिटाचे पैसे त्यांनी दिले का तुम्ही?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज उभी राहिले आहे. चुकेल ते सांभाळून घ्यावे.

आपण २०२३ च्या जुलैत मंडळातर्फे ‘बाईपण भारी देवा’ पाहायला गेलो होतो. त्याला आता बराच काळ लोटला, परंतु आपल्यांतल्या बऱ्याचजणींनी अजून तो विषय सोडलेला नाही. म्हणून आधी गेल्याची हकीकत सांगते, कारण काही सभासद त्यानंतर मंडळात आल्या आहेत.

आषाढी एकादशी २९ जूनला झाली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३० जूनला, हा चित्रपट लागला. पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणाला पत्ताही नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मात्र ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच चित्र. नऊवारी नेसून, नथी घालून बायका थिएटरच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत, कुठे पडद्यापुढे फुगडी चालली आहे. त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावई यायचे, अनारसे करायचे, हातघाई उडायची. त्याआधीच जाऊन यावे असे ठरले. तेवीसजणींनी नावे दिली. आयत्या वेळी दोघी गळाल्या, त्यांच्या जागी एकीची सासू आणि एकीची नणंद आली. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “हा जिना थांबला की मला सांगा, मग मी चढते.” शेवटी दोघींनी दोन्हीकडून धरून त्यांना वर नेले. दारावरच्या पोराने पिशव्या तपासून आमचा चिवडा बाजूला काढून ठेवला. आतल्या लाह्यांचा भाव ऐकून आम्ही मध्यंतरात पाणी प्यालो आणि बसलो. असो, हे विषयाला सोडून झाले.

चित्रपटाबद्दल थोडे सांगणे जरूर आहे. दिग्दर्शक केदार शिंदे, म्हणजे शाहीर साबळे यांच्या लेकीचे चिरंजीव. ‘अगं बाई अरेच्चा!’ हा त्यांचा २००४ सालचा चित्रपट तुम्हांला आठवत असेल, त्यात एका पुरुषाला बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. आजोबांच्या जीवनावरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ त्यांनी याच वर्षी एप्रिलमध्ये आणला होता. ‘बाईपण’ची कथा मात्र एका बाईची, वैशाली नाईक यांची आहे. संगीत साई-पियूष यांचे. सहा बहिणी आहेत. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. रोहिणीबाई म्हणजे १९८२ च्या ‘गांधी’तल्या कस्तुरबा, आणि वंदनाबाई म्हणजे गायिका माणिक वर्मा यांची कन्या. या सहाही बहिणी एकमेकींपासून दुरावल्या आहेत. कोणी कोणाशी धड बोलत नाही आणि प्रत्येकीच्या घरात काही ना काही दडवलेले आहे. मंगळागौरीच्या खेळांची एक स्पर्धा निघते, तिच्या निमित्ताने त्या पुन्हा एका खोलीत येतात. एवढेच कथानक. मारामारी नाही, परदेश नाही, तरुण नायक-नायिका तर नाहीतच. नायिकांतली थोरली सत्तरीच्या घरातली आहे.

आता थिएटरातली गोष्ट. पहिली पंधरा मिनिटे आपण सगळ्या शहाण्यासारख्या बसलो होतो. मग कोणाला तरी हसू आले आणि ते थांबेना. त्यानंतर मात्र पडद्यावर बोलणे कमी आणि खुर्च्यांतून जास्त अशी स्थिती झाली. “अगदी आमच्या नणंदेसारखी”, “हिला कोणीतरी सांगा गं”, “बघ, बघ, पदर कसा खोचला.” मागच्या रांगेत बसलेल्या परक्या बायकांनी आम्हांला शेंगदाण्याचे लाडू दिले. त्यांचा डबा दारावरून कसा सुटला हे मी विचारले नाही. मध्यंतरात हात धुण्याच्या ठिकाणी गर्दी झाली, तिथे ऐकलेले बोलणे मी घरी आल्यावर आठवून पाहिले. एकीची पाळी जायच्या दिवसांत होती, तिला रात्र रात्र घाम येत होता आणि घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. ती हे अनोळखी बाईला सांगत होती आणि ती अनोळखी बाई म्हणत होती, “मला पण तसंच होतं, दोन वर्षं झाली.” चित्रपट संपला तरी कोणी उठेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी खुर्चीला धरून उभ्या उभ्या दोन गिरक्या घेतल्या, आणि त्यांच्या सुनेने त्यांना प्रथमच “जरा सांभाळून हो आई” असे हसून म्हटलेले आम्ही ऐकले. एरवी त्या दोघींचे काय चालते ते मंडळात ठाऊक आहे.

घरी आले तर मुलगी मोबाईल घेऊनच बसली होती. तिने मला वर्तमानपत्रांतली आणि इतर ठिकाणची परीक्षणे वाचून दाखविली. मला वाटले होते की सगळीकडे नुसती स्तुती असेल. तसे नव्हते. सहाही नट्यांच्या कामाची वाखाणणी मात्र होती, त्याबद्दल दुमत दिसले नाही. पण कोणी म्हटले होते की प्रसंग दूरदर्शनच्या मालिकांसारखे झाले आहेत. कोणी म्हटले होते की सहाजणींची सहा दुःखे एका चित्रपटात कोंबल्याने एकही नीट उलगडत नाही. रडे जास्त आहे, पुरुष ठोकळेबाज आहेत, शेवट आधीच कळतो, असेही होते. कोणाला तो मनापासून आवडला होता आणि कोणी मधले गुण देऊन मोकळे झाले होते. चित्रपटाला गुण द्यायचे म्हणजे ताऱ्यांची चित्रे काढतात, हे मला त्या दिवशी कळले. अर्धा तारासुद्धा असतो.

माझा भाचा चित्रपटाचा मोठा शौकीन आहे. आपल्या गावात जानेवारीत जो अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, त्याला तो रजा काढून जातो. तो म्हणाला, “मावशी, हा सिनेमा तुम्हांला रडवून पैसे काढतो. ही सोपी युक्ती आहे.” मी त्याला म्हटले, “सोपी असती तर सगळ्यांनी केली असती. दर शुक्रवारी मराठी चित्रपट लागतात आणि पुढच्या शुक्रवारी निघून जातात, ते काय रडवायला विसरतात?” तो हसला. वास्तविक त्याने मला एकदा त्या महोत्सवात नेले होते, त्याचा हेतू चांगला होता. चित्रपट परदेशी होता. खाली इंग्रजी अक्षरे पळत होती, ती मला वाचता येईनात. पण एक म्हातारी आई दाराकडे पाहत बसते, एवढे कळले आणि मला तोही चित्रपट आवडला. म्हणजे भाच्याची आवड वाईट आणि माझी चांगली, असे मी म्हणत नाही. त्या अंधारात सगळी माणसे एकेकटी बसली होती. कोणी कोणाला लाडू दिला नाही. तिथे तेच बरोबर होते, आणि आमच्या वेळी आमचे बरोबर होते. परीक्षण करणारे गृहस्थ बहुधा सकाळच्या खेळाला वही घेऊन एकटे बसतात. पंचवीस बायकांच्या मधोमध बसून पाहिले असते तर त्यांनी तारे जास्त दिले असते असे नाही, परंतु त्यांनी पाहिलेला चित्रपट निराळा झाला असता.

रडवतो म्हणून हलका, हे म्हणणे मात्र मला मुळीच पटत नाही. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ काढला. त्यात रडण्यावाचून दुसरे काय आहे? आणि १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक अख्ख्या देशातून त्यालाच मिळाले. तेव्हा शहाणी माणसेही रडली असतील, मग त्यांनी पदक दिले असेल.

पण भाच्याच्या बोलण्यात काही तथ्य नव्हते असेही नाही, आणि ते मला माझ्या आईमुळे ठाऊक आहे. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांचा, अलका कुबल त्यात सून झाल्या होत्या, उषा नाडकर्णी सासू. तो मूळचा एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. माझे माहेर पैठण तालुक्यातले. आमच्याकडे तो नाथषष्ठीच्या यात्रेत तंबूच्या टॉकीजात आला, तेव्हा आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो होतो. मी बारा-तेरा वर्षांची असेन. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लग्नाची झाली होती. तंबूत बायकांचा असा हंबरडा चालला होता की पडद्यावरचे बोलणे ऐकू येईना. आई परत येताना ट्रॉलीतही रडत होती. दुसऱ्या दिवशी तिने आक्काला जवळ बसवून सांगितले, “बघितलंस ना? सासरी असं सोसावं लागतं. तोंड उघडायचं नाही.” आईने त्या चित्रपटातून घेतले ते एवढे. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी त्या चित्रपटाची टर उडविली होती हे मला पुष्कळ नंतर कळले. त्यांनी टर उडविली ती रडण्याची. आईने आक्काला काय शिकवले, ते विचारायला कोणी ट्रॉलीपाशी आले नव्हते.

म्हणून मी ‘बाईपण’ पाहताना एक गोष्ट निरखून पाहत होते, की ह्या बायका आपल्याला कशासाठी रडवतात. ‘माहेरची साडी’मध्ये आपण सोसणारीसाठी रडलो आणि तिने आणखी सोसावे असे मनात धरून घरी आलो. इथे त्या सहाजणी सोसतात खऱ्या, पण नंतर कमरेला पदर खोचून घाम निथळेपर्यंत खेळतात. गुडघे दुखत असताना खेळतात. एकमेकींना तोंडावर बोलतात. आपल्या मंडळात त्यानंतर महिनाभर जे झाले ते तुम्ही पाहिले आहे. सायंकाळी साडेपाच ते साडेसहा हा तास कोणी घरात सापडेना. तीस वर्षांत रडण्याचे कारण बदलले, हे मला तारे देणाऱ्यांच्या लिहिण्यात कुठे आढळले नाही. कदाचित कोणी लिहिलेही असेल, माझ्या मुलीने काही सगळी परीक्षणे वाचली नाहीत.

पैशाचे म्हणाल तर त्या चित्रपटाने सत्तर कोटींच्या वर धंदा केला, आणि मराठीत त्याच्या पुढे २०१६ चा ‘सैराट’च राहिला. हा पैसा कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे. दोन वर्षे आधी, २०२१ च्या नोव्हेंबरात, करोनानंतर थिएटरे नुकतीच उघडली होती तेव्हा हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ असाच चालला होता. तोही बायकांचाच, सहलीला निघालेल्या. पण आपल्या मंडळातून तेव्हा तिघीच गेल्या. भिशीचे पैसे, भाजीतून वाचवलेले, फॉल-पिकोचे, शिकवणीचे, अशा पैशाने ‘बाईपण’ चालला. आमच्यांतल्या एकीने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता तिकीट काढले आणि नंतर सांगितले. तिला काही बोलणी बसली नाहीत. ती म्हणते, “इतकी वर्षं मी उगीच विचारत होते.”

याच्या उलट एक गोष्ट सांगते, ती मला लागून राहिली आहे. ‘गोष्ट एका पैठणीची’ नावाचा शंतनू रोडे यांचा चित्रपट आहे. २०२२ च्या जुलैत जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सायली संजीवने त्यात पैठणीचे स्वप्न पाहणारी साधी गृहिणी केली आहे. डिसेंबरात तो थिएटरात लागला. पैठण आपल्यापासून पन्नास किलोमीटर, माझे तर माहेर तिकडचे, आणि पैठणी हा विषय बायकांच्या किती जिवाचा! पण आपल्यांतली एकही गेली नाही. आपल्याला कळेपर्यंत तो उतरलासुद्धा. जाणत्यांनी ज्याला पदक दिले तो आपण पाहिला नाही आणि ज्याला मधले तारे दिले तो दोन-दोनदा पाहिला. यात जाणत्यांची चूक किती आणि आपली किती याचा विचार मी करते, तेव्हा आपल्या वाट्याचा दोष मला जास्त वाटतो. मंडळाने पुढच्या वेळी पुरस्कार मिळालेला चित्रपटही एकत्र जाऊन पाहावा, अशी माझी सूचना आहे. चिटणीसबाईंनी ती लिहून घ्यावी.

आता मी स्वतः परीक्षक झाले असते तर काय लिहिले असते, ते सांगते. माझ्या तीन तक्रारी आहेत. पहिली लहान आहे. त्या सहाजणी तालमीला जातात तेव्हा त्यांच्या घरी पोळ्या कोण लाटते, ते मला नीटसे दिसले नाही. आपण सराव करीत होतो तेव्हा आपल्याला घरी जाऊन पुन्हा कणीक मळावी लागत होती, म्हणून माझे लक्ष गेले इतकेच.

दुसरी अशी की मंगळागौर ही सगळ्यांच्या घरची नव्हे. आमच्या घरी मंगळागौर कधी पुजली गेली नाही. आमचा सण म्हणजे नागपंचमी. लिंबाच्या फांदीला झोका, हाताला मेंदी, आणि रात्री वेशीपाशी बायकांचा फेर. आणि भादव्यात महालक्ष्म्या. मुंबई-पुण्याच्या चित्रपटात मंगळागौर येते आणि मग अवघ्या महाराष्ट्राच्या बायका तेच खेळतात असे होते. आपण मंडळात पिंगा, अटूश पान, नाच गं घुमा असे खेळ शिकलो, मजा आली, पण शिकवायला जोशीकाकू होत्या म्हणून. पंचमीचा फेर शिकवायला आपल्या मंडळात चौघीजणी आहेत, त्यांना अजून कोणी विचारले नाही. त्यांतली एक मी आहे.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि ती सांगावी की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. घरात विचारले. हे म्हणाले, “सांगायचं असेल तर नीट सांग, नाहीतर राहू दे.” तेव्हा सांगते.

त्या चित्रपटातल्या बहिणी पुष्कळ कारणांनी दुरावलेल्या आहेत. मानापमान आहे, गैरसमज आहेत, जुनी दुःखे आहेत. पण त्यांच्या भांडणात सातबाऱ्याचा उतारा मला कुठे दिसला नाही. माझ्या ओळखीत ज्या ज्या बहिणी बोलेनाशा झाल्या, त्या सगळ्यांच्या भांडणात कुठे ना कुठे सातबारा आहे. २००५ च्या कायद्याने लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाएवढा हिस्सा दिला. आपल्या महाराष्ट्राने तर १९९४ सालीच काही प्रमाणात दिला होता. तो कायदा झाल्यापासून गावोगावी एक कागद फार चालतो, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहिणीने राजीखुशीने सही करायची की मला काही नको.

आमचे वडील गेल्यावर भावाने तो कागद आम्हां दोघी बहिणींपुढे ठेवला. आक्का म्हणाली, मी विचार करून सांगते. मी त्याच आठवड्यात सही केली. मला वाटले, माहेर तुटायला नको. सही केली त्या दिवशी भावाने मला बाजारात नेऊन साडी घेतली. चांगली होती, मोरपंखी, जरीच्या काठाची. एका बहिणीने सही केल्यावर दुसरीच्या मागे सगळे गाव लागले. धाकटीने दिले, हिलाच हाव सुटली असे बोलू लागले. अखेर आक्कालाही सही करावी लागली. तिचा नवरा तेव्हा अंथरुणावर होता, तिला पैशाची गरज होती. ती मला एवढेच म्हणाली की तू माझी वाट अडवलीस. त्यानंतर आठ वर्षे आम्ही बोललो नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ती पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जाई.

तेव्हा चिटणीसबाईंनी मला थिएटरात रडताना पाहिले ते यामुळे. पडद्यावर दोन बहिणी एका खोलीत असून एकमेकींकडे पाहत नव्हत्या, मला पुढचे काही दिसेनासे झाले. ही सोपी युक्ती असेल तर असो.

त्या रात्री मी आक्काला फोन केला. नंबर तोच होता. तिने उचलला आणि काही बोलेना. मी म्हटले, “आक्का, तो सहा बहिणींचा सिनेमा बघितला का?” ती म्हणाली, “बघितला. जालन्याला आम्ही भिशीच्या बायका गेलो होतो मागच्या सोमवारी.” मग आम्ही अर्धा तास चित्रपटावर बोललो. तिला वंदना गुप्ते आवडल्या, मला रोहिणीबाई. ती म्हणाली साड्या फार छान होत्या. मी म्हटले शेवट लवकर उरकला. तेव्हा आक्का म्हणाली, “उरकला नाही तर काय! तीन तासांत तिकीट संपतं ना त्यांचं. एका नाचात साऱ्या गोड झाल्या. असं असतं काय कुठं?” एवढे नेमके परीक्षण मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचले नाही. मी हसले, तीही थोडी हसली. आणि मग तिने विचारले, “सही करायच्या आधी मला एक फोन काहून नाही केलास?”

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, चुकले. ती म्हणाली, बरं, ठेवते आता, दूध उतू जाईल.

त्यानंतर आमचे बोलणे सुरू आहे. पंधरा दिवसांतून एकदा, कधी महिन्याने. जमिनीचा विषय पुन्हा निघाला तो एकदाच, आणि तेव्हा आम्ही दोघी मोठ्याने बोललो. तिने फोन आपटला, आणि तीन दिवसांनी तिनेच पुन्हा केला. भावाशी या विषयावर बोलायचे ठरवले आहे, अजून जमलेले नाही. ती मोरपंखी साडी मी एकदाच नेसले होते, ती अजून कपाटात घडीवर आहे.

आजच्या सभेची पत्रिका मी आक्काला पाठविली होती. तिच्या नातवाला बरे नाही म्हणून ती आली नाही, पण पंचमीला येते म्हणाली आहे. तेव्हा फेराचा सराव कधी धरायचा ते आज ठरवावे. जोशीकाकूंनीही यावे, गाणी मी सांगेन. जागा थोडी मोठी लागेल, कारण फेराला निदान सोळाजणी तरी पाहिजेत.